जुनं कार्पेट घरीच काढलं: वरची बेडरूम दोन दिवसांत, खालचा हॉल पाच आठवडे

पार्श्वभूमी

हे प्रकरण माझ्या नात्यातल्याच एका घरातलं आहे. नावं मुद्दाम घेत नाही, ताई आणि दाजी एवढंच म्हणतो. मी मदतीला गेलो होतो आणि जे चुकलं त्यात माझाही हात होता, त्यामुळे हे सगळं बाहेर उभं राहून लिहिलेलं नाहीये.

घर दुमजली, जुनं, कागदपत्रांवर बांधकामाचं साल १९७४. वर बेडरूम, तिथे लाकडी फळ्यांची जमीन. खाली हॉल, तिथे काँक्रीट. दोन्ही खोल्यांत आणि मधल्या जिन्यावर भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट, आधीच्या मालकांनी कधीतरी घातलेलं. बेडरूममधलं आणि हॉलमधलं दिसायला साधारण सारखंच, तोच मातकट रंग, आणि आम्ही सगळे तिथेच फसलो, ते पुढे येईलच. बेडरूम १२ बाय १४ फुटांची, हॉल त्याच्या दुपटीला थोडा कमी.

अडचण

दाराजवळ कार्पेट झिजून खालची जाळी दिसायला लागली होती, पावसाळी हवेत एक कुबट वास यायचा जो कितीही खिडक्या उघडल्या तरी जात नव्हता, आणि भाच्याला सकाळी उठल्यावर शिंका सुरू व्हायच्या. आता शिंका कार्पेटमुळेच होत्या असं मी छातीठोकपणे सांगणार नाही, पण जुन्या कार्पेटमध्ये धूळ, त्वचेचे कण आणि त्यावर जगणारे बारीक किडे साठतात हे खरंच आहे, आणि व्हॅक्यूम वरच्या धाग्यांतलीच धूळ काढतो, बुडाशी बसलेली तशीच राहते.

ताईचं म्हणणं सरळ होतं, हे सगळं काढून टाकू आणि खाली चांगली जमीन असेल तर तशीच वापरू. खाली काय आहे हे मात्र कोणालाच माहीत नव्हतं.

समोर असलेले पर्याय

शॅम्पू करून घ्यायचा पर्याय पहिल्यांदा निघाला. तो एकदा करून झाला होता, पंधरा दिवस बरं वाटलं मग वास परत आला, उलट ओलावा आत राहिल्याने वाढलाच असं ताईचं मत. वास खालच्या फोममध्ये मुरलेला असेल तर वरून धुऊन काही होत नाही, त्यामुळे तो पर्याय बाद.

कार्पेटवरच नवीन लाकडी पट्ट्यांची फ्लोअरिंग टाकायची असं दाजींनी सुचवलं. हे करूच नये, खालचा थर मऊ असला की पायाखाली पट्ट्या खालीवर होतात आणि त्यांचे सांधे तुटतात, शिवाय वास आणि ओल आत कोंडून राहते.

मग उरलं काम करणाऱ्या माणसांना बोलावणं किंवा स्वतः करणं. दाजी म्हणाले, "कापायचं, गुंडाळायचं, बाहेर टाकायचं, यात काय एवढं?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं होतं. आणि कार्पेट काढण्यापुरतं ते बरोबरच होतं.

पहिला निर्णय: कोपरा उचलून बघणं

मी गेल्या गेल्या एक गोष्ट बरी केली, बेडरूममधल्या कपाटाच्या आतला कोपरा पकडीने धरून उचलला. कपाटातला कोपरा अशासाठी की मन बदललं तर तो परत दाबून बसवता येतो आणि कोणाला दिसत नाही. पकडीत धागे घट्ट धरायचे आणि सरळ वर ओढायचं, एकदम हिसका नाही. खिळ्यांच्या पट्टीवरून कार्पेट कर्रकर्र करत सुटलं. खाली फोम, फोमखाली लाकडी फळ्या, अजून पॉलिश असलेल्या. ताई तिथेच खुश.

आणि मग आम्ही असं गृहीत धरलं की खालीही असंच असणार. हॉलचा कोपरा कोणीच उचलला नाही. दोन मिनिटांचं काम होतं. का नाही केलं तर तिथे कोपऱ्यात जड शोकेस होतं आणि ते कोण हलवणार म्हणून, बाकी काही कारण नाही. शिवाय १९७४ हे साल आमच्या तिघांच्याही डोळ्यांसमोरून गेलं होतं आणि कोणाच्याच डोक्यात काही वाजलं नाही.

बेडरूममध्ये काय काय केलं

सामान बाहेर, कार्पेटवरून एकदा व्हॅक्यूम, मग स्प्रेच्या बाटलीने हलकंसं पाणी मारलं, भिजवायचं नाही, नुसती धूळ बसायला. खिडकी उघडी, पंखा बंद, दाराच्या फटीला ओला टॉवेल. एन९५ मास्क, जाड हातमोजे. बूट घालायचं ठरलं होतं, दाजी चपलेवर आले.

दाजींचा बेत होता अख्खं कार्पेट एकदम गुंडाळून बाहेर न्यायचं. एवढ्या खोलीचं कार्पेट सहज ३५-४० किलो भरतं आणि गुंडाळी १२ फूट लांब, ती जिन्याच्या वळणावर वळणारच नाही. म्हणून पट्ट्या कापायच्या ठरल्या, दीड-दीड फुटाच्या. इथे एक युक्ती फार कामाला येते, कार्पेट उलटं दुमडायचं आणि पाठीमागून कापायचं. वरून कापलं की कटर धाग्यांत अडकतो आणि पाती जास्त गेली की खालच्या लाकडावर ओरखडा. पाठीमागून ब्लेड सरळ जातं, आणि पाठीवर विणकामाच्या ओळी असतात त्या धरून गेलं तर पट्टी वाकडी होत नाही. ब्लेड मात्र दोन-तीन पट्ट्यांमागे बदलावं लागलं कारण बुडात बसलेली बारीक वाळू त्याची धार खाते, आणि बोथट ब्लेडवर जोर लावला की कटर निसटून हात कापतो.

नऊ गुंडाळ्या झाल्या, प्रत्येकीला चिकटपट्टी मारली, एकेक उचलायला अगदी सोपी. दोन तासांत कार्पेट बाहेर. दाजींचा चेहरा बघण्यासारखा होता, "बघ, म्हटलं नव्हतं?"

मग फोम. कडेचा फोम चादरीसारखा निघाला, पण दारापासून पलंगापर्यंत जिथे रोजची ये-जा तिथे त्याचा भुगा होऊन फळ्यांना चिकटला होता. रंग खरवडायच्या रुंद पट्टीने आडवं धरून हळूहळू काढला. फोम उचलला तसा खाली बारीक राखाडी थर, हात फिरवला तर पिठासारखा, आणि त्यात खडेही. कार्पेटच्या पाठीला लॅटेक्सचा थर असतो, त्यात खडूची भुकटी घातलेली असते, तो जुना झाला की असा झडतो. झाडू मारला असता तर सगळं हवेत गेलं असतं. इथे लाकूडच होतं म्हणून व्हॅक्यूम आणि ओलसर फडकं चाललं.

खरी कसोटी पिनांची. फोम जमिनीला स्टेपलच्या पिनांनी ठोकलेला असतो आणि त्या शेकड्याने असतात, अक्षरशः शेकड्याने. ताई दीड दिवस गुडघ्याखाली उशी घेऊन बसली होती, बारीक स्क्रूड्रायव्हरने पिनेची एक बाजू उचलायची आणि पकडीने ओढायची. अर्ध्या पिनांचा एक पाय आत तुटून राहायचा, तो पकडीत आला तर ओढला नाहीतर खिळा दाबायच्या दट्ट्याने लाकडाच्या पृष्ठभागाखाली ठोकला. पिना राहिल्यात का हे डोळ्याला कळत नाही, म्हणून ताईने जुना पायमोजा हातात चढवून सगळ्या जमिनीवरून फिरवला, जिथे धागा अडकला तिथे पिन. हे तिचं स्वतःचं डोकं आणि मला फार आवडलं.

भिंतीकडेने खिळ्यांच्या पट्ट्या, इंचभर रुंद लाकडाच्या, त्यातून भिंतीकडे कललेली टोकं वर आलेली. परत कार्पेट घालायचं असेल तर त्या ठेवायच्या, नाहीतर काढायच्या. पट्टी जिथे खिळ्याने ठोकली आहे बरोबर तिथे पटाशी घालून उचलायची आणि पटाशीखाली पातळ फळीचा तुकडा ठेवायचा नाहीतर जमिनीला खळगा पडतो. आम्ही काढलेल्या पट्ट्या तात्पुरत्या खोलीच्या मध्ये टाकत होतो, टोकं वर. दाजींचा पाय त्यावर पडला, चपलेच्या आरपार. धनुर्वाताचं इंजेक्शन घेऊन आले आणि मग बूट घातले. पट्ट्या त्यानंतर थेट बादलीत गेल्या, पिशवीत भरल्या तर टोकं बाहेर येतात.

एका कोपऱ्यात फळ्यांवर काळा डाग निघाला, हातभर मोठा. आधीच्या मालकांकडे मांजर होतं म्हणे. प्राण्याच्या लघवीचे असे काळे डाग लाकडात खोल उतरलेले असतात, वरवर घासून जात नाहीत. एन्झाइमचं क्लीनर दोनदा वापरलं, वास गेला, डाग राहिला. ताई म्हणाली पलंग तिकडे सरकवू. विषय संपला.

दुसरा निर्णय: हॉलमध्ये थांबणं

बेडरूम जमल्यामुळे जोर चढला होता. मी दुपारी सामान आणायला बाहेर गेलो आणि दाजींनी हॉल सुरू केला.

इथलं कार्पेट वेगळ्या जातीचं निघालं. वेगळा फोम नाही, पाठीलाच फोम आणि तो सरळ जमिनीला गमने चिकटवलेला. ओढलं की वरचा धाग्यांचा थर सुटून हातात येत होता आणि फोम खालीच राहत होता. दाजींनी रुंद पट्टी घेऊन जोर लावला, फोमबरोबर खालून काहीतरी कडक तुकडेही निघायला लागले, त्यांना वाटलं जुना गमच असणार. बऱ्यापैकी कचरा झाला म्हणून त्यावरून घरातला व्हॅक्यूम फिरवला.

मी परत आलो तेव्हा साधारण सतरंजीएवढा भाग मोकळा झाला होता. खाली लहान चौकोनी टाइल्स, मळकट हिरव्या, मी टेप लावली, बरोबर ९ इंच बाय ९ इंच. एक फुटलेली, आणि तिच्याखाली डांबरासारखा काळा गम.

माझ्या एका सहकाऱ्याकडे घर दुरुस्त करताना हेच निघालं होतं म्हणून मला माहीत होतं, नाहीतर मीही पट्टी घेऊन बसलो असतो. १९८० च्या दशकापर्यंत अशा टाइल्समध्ये आणि त्या काळ्या गममध्ये अनेक ठिकाणी अॅस्बेस्टॉस घातला जायचा (बारीक तंतूंचं खनिज, ते तंतू श्वासातून फुफ्फुसात गेले तर घातक), ९ इंची माप ही त्यातली जुनी खूण. म्हणजे असेलच असं नाही, आणि नुसतं बघून ते कोणालाही सांगता येत नाही, त्यासाठी प्रयोगशाळेतच तपासावं लागतं. टाइल अखंड असेल तर तंतू आत बांधलेले राहतात, तेव्हा फारसं काही बिघडत नाही. फोडलं, घासलं, खरवडलं, पॉलिश मशीन लावलं की धोका, कारण मग ते हवेत येतात. आणि साधा व्हॅक्यूम हा तर त्यातला सगळ्यात वाईट प्रकार, कारण इतके बारीक तंतू त्याच्या फिल्टरमधून आरपार जातात आणि मागच्या बाजूने खोलीभर उडतात. साफ करायला गेलो आणि हात दाखवून अवलक्षण.

तिथे जी चर्चा झाली ती जरा सविस्तर लिहितो, कारण सगळं प्रकरण त्या दहा मिनिटांवर फिरलं.

दाजी म्हणाले, "एवढं झालंय तर उरलेलं मास्क लावून आजच संपवू, उद्या काय आणि आज काय." यात तसं वरवर तथ्य वाटतं, अर्धा हॉल उकरलेला, सामान सगळं जेवणाच्या खोलीत कोंबलेलं. मी म्हटलं, "दाजी, आत्तापर्यंत जे झालं ते थोडं आहे, एवढ्याशाने लगेच काही होत नाही. पण अजून चार तास खरवडलं तर ते अख्ख्या घरात जाईल आणि आपला मास्क यासाठी पुरेसा नाही." ताईने वाद घातलाच नाही, तिने भाच्याला वर पाठवलं आणि दार लावून घेतलं. अशा वेळी घरात एक तरी माणूस असं लागतं.

मग जे करता येण्यासारखं होतं ते केलं. पंखा बंद, खिडक्या बंद. मोकळ्या झालेल्या भागावर बारीक फवाऱ्याने पाणी मारून ओलसर ठेवला. सुटे तुकडे ओल्या कागदी टॉवेलने उचलून दोन पिशव्यांत, एकीत एक, तोंड घट्ट बांधून. जमीन ओल्या फडक्याने पुसली, फडकी परत न धुता त्याच पिशवीत. व्हॅक्यूमची आतली पिशवी आणि फिल्टर बाहेर नेऊन ओले करून काढले आणि तेही त्यातच, मग ते मशीन परत वापरलंच नाही. घातलेले कपडे न झटकता वेगळे धुतले. टाइलचा एक तुकडा आणि गमचा नमुना ओला करून वेगवेगळ्या बंद पिशव्यांत तपासणीला दिला. हॉलच्या दाराला प्लास्टिक लावून चारी बाजूंनी टेप मारली.

अहवाल आल्यावर

टाइलमध्ये क्रायसोटाइल सापडलं, अॅस्बेस्टॉसचा हाच प्रकार सगळ्यात जास्त वापरला गेला. गममध्ये नव्हतं. म्हणजे बाहेरून जो जास्त संशयास्पद दिसत होता तोच साफ निघाला, अंदाजावर किती जायचं बघा.

आता परत पर्याय. एक, सगळ्या टाइल्स परवानाधारक लोकांकडून काढून घ्यायच्या. दोन, टाइल्स तशाच ठेवून वरून नवीन फ्लोअरिंग टाकायची. तीन, सगळं ओलं ठेवून स्वतः काढायचं. काही ठिकाणी घरमालकाला हे स्वतः करायला परवानगी असते काही ठिकाणी नसते, आणि कचरा कुठे टाकायचा याचे नियम तर वेगळेच असतात, त्यामुळे तिसरा आम्ही सोडूनच दिला. पहिला सगळ्यात खर्चिक, आणि खरं बघितलं तर ज्या टाइल्स घट्ट बसलेल्या आहेत त्यांना हात लावायचं कारणच नव्हतं.

पण दुसऱ्यात एक अडचण होती. फोमचे चिकटलेले थर वर असताना नवीन फ्लोअरिंग समतल बसत नाही आणि ते खरवडायचे म्हणजे टाइल्सना ओरखडे आलेच. म्हणून मधला मार्ग काढला, प्रशिक्षित माणसं बोलावली फक्त फोम आणि फुटलेल्या टाइल्स काढण्यापुरती, बाकी टाइल्स जागेवर ठेवल्या आणि वरून गम न लावता बसणारी, नुसती सांध्यात अडकणारी फ्लोअरिंग टाकली. त्याआधी जमिनीतून ओल येते का बघायला प्लास्टिकचा तुकडा चारी कडा टेपने बंद करून रात्रभर ठेवला, सकाळी आतून कोरडा होता. कुबट वास मग कार्पेटचाच होता.

शेवटी काय झालं

हॉलला पाच आठवडे लागले, त्यातले बरेचसे नुसते वाट बघण्यात गेले. वास पूर्ण गेला. भाच्याच्या शिंका कमी आहेत, पण त्याच काळात पलंगाची गादीही बदलली त्यामुळे श्रेय कोणाला द्यायचं मला ठरवता येत नाही.

काही गोष्टी कोणी आधी सांगितल्या नव्हत्या. बेडरूममध्ये आवाज घुमायला लागला, वर खुर्ची सरकली की खाली ऐकू येतं, शेवटी दोन लहान सतरंज्या टाकाव्या लागल्या. दारांखाली बोटभर फट पडली. स्कर्टिंगच्या खाली पूर्वी कार्पेटने झाकलेली रेघ उघडी पडली, तिथे बारीक गोल पट्टी मारावी लागली. दोन फळ्या करकरत होत्या, त्या उघड्या असतानाच स्क्रू मारून बसवल्या, हे एक बरं झालं.

काढलेलं कार्पेट रोजच्या कचऱ्यात कोणी घेतलं नाही, वेगळी सोय करावी लागली. दाजींनी जाळून टाकू म्हटलं होतं. ते नायलॉनचं होतं, आणि नायलॉन जळताना हायड्रोजन सायनाइडसारखे विषारी वायू निघतात, त्यामुळे तो विचार तिथेच थांबवला.

परत करायचं झालं तर

शोकेस हलवलं असतं. एवढंच. प्रत्येक खोलीचा कोपरा वेगळा उचलून बघायचा, कार्पेट वरून सारखं दिसतंय म्हणून खालीही सारखंच असेल असं काही नाही, कारण वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी ते घातलेलं असू शकतं. हॉलचा कोपरा आधी उचलला असता तर गमने चिकटवलेलं आहे हे पहिल्याच दिवशी कळलं असतं, टाइल फुटायच्या आधी नमुना देता आला असता, आणि अहवाल येईपर्यंत लोक त्याच कार्पेटवर आरामात राहिले असते.

दुसरं म्हणजे काम एका माणसाने एकट्याने सुरू करायचं नाही असं आधी ठरवायला हवं होतं. दाजींना दोष देत नाही, मी बाहेर जाताना "हॉलला हात लावू नका" एवढं बोललो असतो तर बस होतं, पण मलाही तेव्हा तसं काही वाटलं नव्हतं.

दाजींचं मत अजून वेगळं आहे. ते म्हणतात टाइल्स पूर्ण काढून टाकायला हव्या होत्या, उद्या घर विकायचं झालं तर? त्यांचा मुद्दा अगदीच चुकीचा नाहीये. सध्या तडजोड अशी की अहवालाची प्रत आणि हॉलचे फोटो घराच्या कागदपत्रांबरोबर ठेवलेत, म्हणजे पुढे कोणी जमिनीत ड्रिल मारायच्या आधी बघेल.

जिन्यावरचं कार्पेट बाकी आहे. परवा ताईने फोटो पाठवला, सगळ्यात खालच्या पायरीचा कोपरा उचललेला, फोम, पाच-सहा पिना आणि साधी फळी. खाली लिहिलं होतं, "सगळ्यात वरच्या पायरीचाही बघून झालाय, मधल्या वळणाचा उद्या. दाजींचे बूट दाराशी काढून ठेवलेत."